राळेच्या उजेडातला राक्षस

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात घाटावरच्या दोन गावांच्या मुळाशी राक्षस आहेत. लोणारला लवणासुर राहायचा. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, त्याच्या बहिणींकडून त्याच्या विवराचा ठाव काढला, पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. दैत्यसूदनाचं देऊळ त्या विजयाचं. पैनगंगेकाठी आमच्या मेहकरात मेघंकर होता, त्याला शारंगधरानं मारलं. १८८८ साली जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची उंच मूर्ती आज देवळात उभी आहे आणि तिच्यापुढे दर्शनाची रांग लागते. मारणाऱ्यांची देवळं झाली. मारले गेले त्यांना उभं राहायला एकच जागा उरली, ती सोंगात. नवरात्रात, नृसिंह जयंतीला, कुठल्या तरी गावच्या सोंगी भजनात राक्षस रात्रीपुरता येतो, ओरडतो, लेकरांना रडवतो आणि उजाडायच्या आत मरतो.

माझं मेहकरात ड्रेपरीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. मुकुट, दाढ्या, गदा, तलवारी, जिरेटोप, नऊवारी भाड्यानं देणं आणि कुणी म्हटलं तर तोंडं रंगवून देणं, हा आमचा धंदा. शाळांच्या गॅदरिंगांवर घर चालतं, पण माझा जीव राक्षसाच्या पेटीत आहे. तिच्यात अंबाडीच्या जटा आहेत, पुठ्ठ्याचे सुळे आहेत, लाल मांजरपाटाची हातभर जीभ आहे, बेगड लावलेले लाकडी खांडे आहेत. वडील म्हणायचे, “राक्षस आला अन् पोट्टं रडलं नाही, तं आपुन भाडं काहून घ्यावं?” आणि ते तसं वागायचे. राक्षस फिका पडला असं गावकऱ्यांनी सांगितलं, की ते त्या पेटीचे पैसे हातात परत ठेवायचे.

या पेटीचा इतिहास सांगलीला सुरू होतो असं वडील मानायचे. मला तो त्याच्याही खालून, उत्तर कानड्यातून आलेला दिसतो. १८४२ साली कर्कीच्या भागवत मंडळींनी सांगलीत खेळ केले. तिथले राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी ते पाहिले आणि पदरच्या विष्णुदास भाव्यांना मराठीत असं काही उभं करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीतास्वयंवर’ झालं. ही तारीख नाटकवाल्या प्रत्येकाला पाठ आहे, तिच्यावर आपण रंगभूमी दिन साजरा करतो. मात्र कर्कीहून नुसती नाटकाची कल्पना आली नव्हती, तिच्याबरोबर राक्षसही आला होता. कानडी यक्षगानात राक्षसाच्या वेशाला ‘बण्णद वेष’ म्हणतात. बण्ण म्हणजे रंग. थरावर थर देऊन माणसाचा मूळ चेहरा पुरता बुजवायचा, आधी पडद्याआडून डरकाळ्या ऐकवायच्या आणि मग मशालींच्या उजेडात त्याला आणायचं, ही त्यांची पद्धत. भाव्यांनी खेळ मराठी केला, दरबारात शोभेल असा केला, आणि राक्षसाची डरकाळी राहू दिली.

भाव्यांच्या खेळात सूत्रधार पदं म्हणायचा, झाडपाला गुंडाळलेला विदूषक यायचा, गणपती यायचा, सरस्वती नाचून जायची आणि मग आख्यान लागायचं. नटांच्या वाट्याला लिहिलेलं भाषण नसायचं. सूत्रधारानं पदातून प्रसंग सांगितला की पात्रानं आपल्या शब्दांत तो बोलायचा. मंडळीत देवपार्टी, राक्षसपार्टी आणि स्त्रीपार्टी असे भाग असत. देवाला पुराणातली वाक्यं तरी आठवतील, राक्षसाजवळ काय असणार? आवाज, उडी आणि आग. या तिन्ही गोष्टी पुस्तकातून शिकता येत नाहीत. पुढचा राक्षस मागच्या राक्षसाकडे पाहूनच तयार होतो. म्हणून मी म्हणतो, आपल्या रंगभूमीवर खरी गुरुपरंपरा कुठल्या पार्टीत असेल तर ती राक्षसपार्टीत.

भाव्यांच्या मागोमाग गावोगावच्या मंडळ्या निघाल्या. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर, पुणेकर. नाव गावाचं, आख्यानं बहुतेक तीच. सीतेचं स्वयंवर सगळ्यांकडे, रावणवध सगळ्यांकडे. कथा लोकांना तोंडपाठ, मग एका मंडळीचा खेळ दुसरीहून वेगळा कशानं ठरणार? माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो, तो राक्षसानंच ठरतो. शेजारच्या गावात सोंग पाहून आलेली माणसं माझ्या दुकानात येतात तेव्हा रामाच्या मुकुटाबद्दल बोलत नाहीत. “त्यायच्या राक्षसाले शिंगं होते, आमच्याले मोठे पायजे,” असंच म्हणतात.

शिकलेल्या मंडळींनी या नाटकांना ‘अललडुर्र’ आणि ‘तागडथोम’ अशी नावं ठेवली. राक्षसाची आरोळी आणि मागचं वाद्य, एवढंच त्यांच्या कानात राहिलं. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि शहरी प्रेक्षक गाण्याकडे वळला. ‘सौभद्रा’त घटोत्कच आहे, सुभद्रेला उचलूनही नेतो, पण त्याला पाहून कुणी दचकत नाही. सगळं लक्ष अर्जुनाच्या पदांकडे. किर्लोस्करांचं मोठेपण मी मनापासून मानतो, तरी राक्षसाचं नुकसान तिथूनच झालं. तो शहरातून उठला आणि ज्या खेड्यांनी त्याला ठेवून घेतलं त्यांच्याकडे राहिला.

आमच्या भागात तो कसा आला असेल? मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगावच्या अंगानं १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव फाटा झाला, तो खामगावच्या कापसासाठी. कापूस आला तिथं पैसा आला, पैसा आला तिथं नाटकवाल्यांचे तंबू आले. वऱ्हाडचा दौरा म्हणजे कंपन्यांची सुगी. पण हे सगळं घाटाखालचं. घाटावर, आमच्या मेहकर-लोणारकडे, आजही रेल्वे नाही. वडिलांनी रंगकाम खामगावच्या एका म्हाताऱ्या रंगवणाऱ्याकडून उचललं होतं. त्या म्हाताऱ्यानं कंपनीतल्या माणसांना पाहून ते उचललेलं. बैलगाडीतून ट्रंका घाट चढून यायच्या, असं वडील सांगत. कंपनी परत जायची, पण खेळ पाहिलेल्या पोरांपैकी एखादा मागे राहून काजळात खोबरेल कालवायला लागायचा.

राळेबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण राक्षसाची निम्मी ताकद तिच्यात आहे आणि आता ती नीट उडवणारे हात फार थोडे उरलेत. राळ म्हणजे झाडाचा डिंक. खडा पेटवला तर तो नुसता धुमसतो. तोच खडा कुटून वस्त्रगाळ केला आणि मुठीनं मशालीवरून फेकला, की पूड हवेत असतानाच एका दमात पेटते आणि माणसाच्या उंचीचा लोळ उठतो. क्षणात विझतोही. त्या क्षणात लोकांना राक्षसाचं तोंड दिसतं आणि पुन्हा अंधार होतो. अंधारात तो कुठं सरकला ते कळत नाही. पुढचा लोळ उठतो तेव्हा तो बायकांच्या बैठकीपाशी उभा असतो. राळ उडवणारा वेगळा आणि राक्षस वेगळा, हा आमच्याकडचा पहिला नियम. उडवणाऱ्यानं वाऱ्याकडे पाठ करायची, मूठ खालून वर न्यायची, राक्षसाच्या जटेपासून दोन हात दूर. जट अंबाडीची असते, ती पेट घ्यायला वेळ लावत नाही.

माझा भाचा पुण्यात कॉलेजात असताना एका बँडमध्ये गिटार वाजवायचा. सुटीत आला की पेटीतले मुखवटे पालथे घालायचा. त्यानंच मला मोबाइलवर आर्थर ब्राऊन नावाचा इंग्रज गायक दाखवला. काळापांढरा रंगवलेला चेहरा, अंगात झगा, डोक्यावर जळणारं शिरस्त्राण आणि तोंडानं किंचाळी. “मामा, हा तुमचाच माणूस,” भाचा म्हणाला. गाण्याचं नावच ‘फायर’. १९६८ मध्ये इंग्लंडात ते पहिल्या क्रमांकावर होतं. मी भाच्याला वडिलांनी विचारला असता तोच प्रश्न विचारला: हा कुणाचं पाहून आला? तिथून आम्ही दोघं मागे मागे जात राहिलो.

मुळाशी एक काळा अमेरिकी गायक निघाला, स्क्रीमिंग जे हॉकिन्स. मोठा, भारदस्त आवाज. त्याला ऑपेरा गायचा होता. १९५६ मध्ये त्याचं ‘आय पुट अ स्पेल ऑन यू’ आलं, आणि त्यातल्या गुरगुराटामुळे कित्येक रेडिओ केंद्रांनी ते लावायचं नाकारलं. ॲलन फ्रीड या कार्यक्रमवाल्यानं त्याला सुचवलं, की रंगमंचावर शवपेटीतून बाहेर ये. तो तयार होईना. फ्रीडनं तीनशे डॉलर पुढे केले आणि तो पेटीत शिरला. पुढे अंगरखा आला, काठीवर हेन्री नावाची कवटी आली. ती पेटी त्याला जन्मभर सुटली नाही. एवढा गळा असलेला माणूस, आणि लोकांना पेटीच हवी. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचे हिरण्यकश्यपू करणारे एक गृहस्थ आठवले. अभंग असा गायचे की माळकरी मान डोलवायचे. बाजारात मात्र भाजीवाल्यापासून सगळे त्यांना राक्षसच म्हणायचे, आणि भजनाच्या बैठकीत त्यांना कुणी आपणहून गायला सांगायचं नाही.

हॉकिन्सची शवपेटी समुद्र ओलांडून इंग्लंडात गेली. डेव्हिड सच नावाच्या तरुणानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्क्रीमिंग लॉर्ड सच’ असं नाव घेतलं. नावातली किंचाळी हॉकिन्सचीच. तोही पेटीतून उठायचा. १९६३ मध्ये ‘जॅक द रिपर’ हे खुन्यावरचं गाणं त्यानं काढलं आणि बीबीसीनं त्यावर बंदी घातली. मग ब्राऊन. पेटीच्या जागी त्यानं आग घेतली आणि चेहरा रंगवला. त्याचा रंग पाहून अमेरिकेत व्हिन्सेंट फर्निअर नावाच्या पोरानं उचल खाल्ली. जग त्याला ॲलिस कूपर म्हणून ओळखतं. ब्राऊनचं ऋण तो स्वतः सांगतो. कूपर पाहून न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली ‘किस’ हा बँड निघाला. तिथं एकाऐवजी चौघांनी तोंडं रंगवली. त्यातला जीन सिमन्स राक्षस झाला, लांब जीभ काढायचा आणि तोंडातून आग फेकायचा. ती जीभ पाहिली आणि मी पेटीतला मांजरपाट काढून भाच्यासमोर धरला. कोकणात दशावतारात संकासुर येतो, काळ्या कपड्यांत, लाल जीभ लोंबवत. सिमन्सनं संकासुर पाहिला असेल असं मी म्हणत नाही. त्याचा आमचा काही संबंध नाही. पण भीती दाखवायला निघालेला माणूस कुठल्याही मुलखातला असो, त्याचे हात त्याच वस्तूंकडे जातात: रंग, जीभ, आग, मरण.

आगीच्या बाबतीत मात्र आमची रीत मला त्यांच्यापेक्षा शहाणी वाटते. १९६७ मध्ये विंडसरच्या महोत्सवात ब्राऊनच्या शिरस्त्राणातलं इंधन डोक्यावर सांडलं आणि डोकं पेटलं. जवळच्या लोकांनी हातातली बिअर ओतून विझवलं. १९७३ च्या शेवटच्या रात्री न्यूयॉर्कला आग फेकताना सिमन्सचे केस पेटले. दोघांच्याही ठिकाणी आग राक्षसाच्या अंगाला चिकटलेली होती, आणि ती पातळ इंधनाची. पातळ इंधन जिथं सांडतं तिथं जळत राहतं. राळेची पूड हवेत जळून हवेतच संपते, आणि तिला उडवणारा हात दुसऱ्याचा असतो. कर्कीहून सांगलीला, सांगलीहून कंपन्यांत आणि तिथून खामगावच्या त्या म्हाताऱ्यापर्यंत जे आलं, त्यात हे शहाणपणही होतं.

ॲलिस कूपरकडे मला जास्त वेळ थांबावंसं वाटतं. इतरांना घाबरवणं जमलं, त्याला राक्षसाचं पुढचं कर्तव्य कळलं. तो दर खेळात मरायचा. आधी विजेची खुर्ची, मग फाशी, १९७३ च्या दौऱ्यात गिलोटिन. गिलोटिनची युक्ती जेम्स रँडी या जादूगारानं बसवली होती, आणि जल्लाद होऊन तो स्वतः उभा राहायचा. मुंडकं उडाल्यावर कूपर पांढरा कोट आणि उंच टोपी घालून परत यायचा, गाणं म्हणायचा, लोक हसत घरी जायचे. त्या वेळी इंग्लंडात मेरी व्हाइटहाउस यांनी त्याच्याविरुद्ध मोहीम चालवली आणि लिओ ॲब्से या खासदारानं त्याला देशात येऊ देऊ नका अशी मागणी केली. मुलं बिघडतील, ही त्यांची काळजी. मला वाटतं, त्यांनी खेळाचा शेवट मनावर घेतला नाही. पाप केलेला माणूस रंगमंचावर शिक्षा भोगतो, आणि मग दिवे लागतात. आमच्याकडे हिरण्यकश्यपूचं पोट फाडल्यावर आरती होते. मघाशी रडलेलं लेकरू आरतीच्या ताटात हात घालतं. राक्षस मेला नाही तर गावाला झोप येणार नाही.

त्यात नृसिंहाचं सोंग सगळ्यांत अवघड. ते देवाचं सोंग असूनही भीती राक्षसाहून मोठी. तंजावरकडच्या मेलत्तूरला भागवत मेळ्यात नृसिंह जयंतीला प्रल्हादाचं आख्यान होतं. तंजावरच्या मराठी राजांनी वाढवलेली ही परंपरा. तिथं नृसिंहाचा मुखवटा चढवलेल्या माणसाला बाकीच्यांनी आवरून धरावं लागतं. आमच्याकडेही कमरेला उपरणं बांधून दोघं मागे उभे असतात. मुखवटा चढला की माणूस आपला राहत नाही, असं मानतात. मी तो मुखवटा धंदा म्हणून हाताळतो, पण देताना नारळ फोडल्याशिवाय देत नाही. वडिलांनी कधी दिला नाही, मीही देणार नाही.

राक्षस शहरातून उठला असं मी वर लिहिलं. एकदा तो शहरात परतला होता आणि तेव्हा सरकार हादरलं होतं. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं. द्रौपदीच्या मागे लागलेला, सत्तेनं माजलेला कीचक, आणि भैरवाच्या देवळात त्याला संपवणारा भीम. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला. १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. जुन्या राक्षसपार्टीला ज्यांनी ‘अललडुर्र’ म्हणून हिणवलं, त्यांच्याच पुढच्या पिढीला इंग्रजाविरुद्ध बोलायला राक्षसच लागला. त्या वेळेपुरता तो उत्तम मराठी बोलायचा, एवढा फरक. मला या नाटकात भाव्यांची सांगली ऐकू येते.

आणि तीच कथा पुढे पडद्यावर गेली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता राक्षस कुठून यावा, उजेड कुठं पडावा, हे त्यांनी जवळून पाहिलेलं असणार. बाबूरावांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. त्यातला कीचकाच्या वधाचा प्रसंग इतका अंगावर येणारा होता, की लोकांना तो पाहवेना आणि तो भाग कापावा लागला. आवाज नाही, डरकाळी नाही, राळेचा वास नाही, तरी माणसं थरारली. कर्कीच्या भागवतांपासून इथवरचा रस्ता मला स्पष्ट दिसतो, आणि त्या रस्त्यावरच्या प्रत्येकानं आधीच्या माणसाचं काहीतरी घेतलेलं आहे.

आता सोंगांच्या रात्री डीजे असतो, धुराचं यंत्र असतं, लाल एलईडी असतात. सुळ्यांसहित रबरी मुखवटा ऑनलाइन येतो. मी तोही ठेवतो, गिऱ्हाईक मागतं. पण धूर सतत असला की अंधार उरत नाही, आणि अंधाराशिवाय राळेच्या त्या एका क्षणाची गंमत येत नाही. रबरी तोंडाला गालाचा स्नायू हलवता येत नाही. हिंगूळ, काजळ आणि सफेता लावलेलं तोंड ओरडतं तेव्हा रंगाला भेगा पडतात, आणि त्या भेगांनी चेहरा अधिक भयंकर दिसतो. दोन-तीन गावांतल्या पोरांनी यंदा यंत्र बंद ठेवून मशाल लावायचं कबूल केलंय. राळ मी स्वतः चाळून देणार आहे आणि उडवायला स्वतः उभा राहणार आहे.

हॉकिन्सकडून सचनं घेतलं, सचच्या मागून ब्राऊन आला, ब्राऊनकडून कूपरनं घेतलं, हे आज सगळ्या जगाला माहीत आहे, कारण त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत आणि त्यांनी एकमेकांची नावं घेतली. आमच्याकडे राम झालेल्याचं नाव गावाला आठवतं, रावण झालेल्याचं त्याच्या नातवालाही सांगता येत नाही. म्हणून मी दुकानात एक वही ठेवली आहे. मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, घाटाखालची गावंही, जिथून कुणी पेटी न्यायला येतो त्याला मी विचारतो: तुमच्याकडे हिरण्यकश्यपू कोण करायचं, रावण कोण, त्राटिका कोण, त्यांनी ते कुणाचं पाहून घेतलं, राळ कोण उडवायचं. तुमच्या घरात असं कुणी होऊन गेलं असेल तर नाव, गाव आणि गुरू, एवढं एका चिठ्ठीवर लिहून पेटी परत करताना जटांच्या खाली ठेवून द्या. मी वहीत उतरवून घेईन.